‘बिझनेस विथ क्रिमिनल जस्टिस’ची फी भरण्याआधी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकाच्या तालुका पुरवणीत छोट्या चौकटीतल्या जाहिराती सुरू होतात. घरबसल्या डबल डिग्री, बिझनेस विथ क्रिमिनल जस्टिस, परदेशी विद्यापीठ, पोलीस-बँक-कोर्ट सगळीकडे संधी, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली एक मोबाइल नंबर. विद्यापीठाचे पूर्ण नाव बहुतेक वेळा नसते. खेड्यातला बाप सोयाबीनच्या पैशातून ही फी भरतो, म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, कापायचे असेल तर खुशाल कापा. तपासणीचा आणि एलएलबीचा भाग मात्र ठेवावा, ही विनंती.

आधी एक गोष्ट मान्य करू. व्यवसाय आणि गुन्हेगारी न्यायव्यवस्था हे दोन विषय जोडून शिकण्यात काही चूक नाही. उलट, पतसंस्था, खत-बियाण्याची दुकाने, जिनिंग, सावकारी आणि मोबाइलवरची फसवणूक यांनी वेढलेल्या आपल्या भागात ही जोडी कामाची आहे. आक्षेप जोडीला नाही, ती एकाच पाकिटात विकण्याला आहे.

हे पाकीट मूळचे अमेरिकेतले. तिथली पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. विद्यार्थी त्यात दोन मुख्य विषय घेऊ शकतो किंवा एकाला मुख्य आणि दुसऱ्याला दुय्यम ठेवू शकतो. त्यामुळे लेखाकर्म, मार्केटिंग, मनुष्यबळ यांच्या जोडीला पोलीस, न्यायालये आणि तुरुंग असा तीन पायांचा क्रिमिनल जस्टिस हा विषय तिथे सहज बसतो. पण त्यातला पोलीस तिथला असतो आणि कायदाही तिथलाच. झडतीचा धडा अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर आणि अटकेचा धडा १९६६ च्या मिरांडा निकालावर (आरोपीला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगण्याच्या) बेतलेला. आपल्या ठाण्यात अटकेच्या वेळी बघायचे ते राज्यघटनेचे अनुच्छेद २० (३) व २२, डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत दिलेले निर्देश आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिथली परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलाला इथल्या ठाण्यातला पंचनामा वाचता येईलच असे नाही.

आता मान्यतेचे. आपल्याकडे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या पदव्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या विनियमांखाली येतात. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमागणिक, पद्धतीगणिक आणि सत्रागणिक मिळते. एखाद्या विद्यापीठाची बी.कॉम. ऑनलाइन मान्य असेल आणि त्याच विद्यापीठाची दुसरी पदवी नसेलही. मागच्या वर्षी यादीत असलेले नाव या वर्षी गळालेले असू शकते. पदवीचे नावही यूजीसी कायद्याच्या कलम २२ खाली जाहीर झालेल्या नावांपैकीच हवे. ‘बॅचलर इन बिझनेस अँड क्रिमिनल जस्टिस’ असे चकचकीत नाव दिसले, की पहिला प्रश्न तिथेच विचारावा. परदेशी विद्यापीठाचे नाव पुढे करून इथल्या एखाद्या शिकवणी कंपनीमार्फत दिल्या जाणाऱ्या, यूजीसीची मान्यता नसलेल्या पदव्यांबाबत आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. दोन देशांतल्या विद्यापीठांनी मिळून संयुक्त किंवा दुहेरी पदवी देण्याचे २०२२ चे विनियम आहेत, पण ते ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला लागू नाहीत. एजंट नेमका याच विनियमांचा कागद दाखवतो, आणि पूर्ण वाचायला कोणाला वेळ असतो!

तपासणीला पंधरा मिनिटे लागतात. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर जावे आणि चालू सत्राची यादी उघडावी. सत्रे दोन: जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. यादीत विद्यापीठाचे नाव, पदवीचे शब्दशः नाव आणि पद्धत ऑनलाइन की मुक्त-दूरस्थ, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. तिन्हींपैकी एक जुळली नाही तर फी भरू नये. ऑनलाइन पदवी सुरू करायला विद्यापीठाला साधारणतः नॅकचे, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे, ४ पैकी ३.२६ किंवा त्याहून जास्त गुण लागतात, नाहीतर राष्ट्रीय क्रमवारीत वरचे स्थान. त्यामुळे ‘आमचे नॅक व्हायचे आहे’ असे सांगणारी संस्था तिथेच बाद होते. यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी काढते. त्या यादीत नागपूरच्या एका संस्थेचे नाव अनेक वर्षे होते, म्हणजे ही भानगड काही दिल्ली-लखनौपुरती नाही.

तालुक्याच्या ठिकाणी ‘अधिकृत शाखा’ अशी पाटी लावून प्रवेश देणाऱ्यांबद्दलही सांगून ठेवतो. विद्यापीठाला ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी फ्रँचायझीने चालवता येत नाही. फॉर्म भरून देण्याचे दीडशे-दोनशे रुपये कोणी घेतले तर तो त्याचा धंदा झाला. फी मात्र विद्यापीठाच्याच खात्यात, विद्यापीठाच्याच संकेतस्थळावरून जायला हवी. यूपीआयवर कोण्या माणसाचे नाव आले तर हात आखडता घ्यावा. आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कोणाच्या कपाटात ठेवायला देऊ नयेत. महाविद्यालयालाही त्या अडवून ठेवायचा अधिकार नाही.

२०२४-२५ पासून अशा पदवीसाठी डीईबी आयडी लागतो, आणि खेड्यातल्या मुलांचे गाडे इथे अडते. आधी डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा) बारा आकडी क्रमांक काढायचा, मग त्यावरून डीईबीच्या पोर्टलवर आयडी बनवायचा. आयडी विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो आणि तो एकदाच निघतो. अडचणी ठरलेल्या आहेत. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी. कुठे वडिलांच्या नावापुढचे ‘राव’ एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. लग्न झालेल्या मुलींचे तर आधारवर सासरचे नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचे. यातले जे दुरुस्त करायचे ते प्रवेशाच्या महिनाभर आधी करावे. आडनाव बदलाचे प्रकरण असेल तर राजपत्राची प्रत हाताशी ठेवावी. शेवटच्या तारखेला सेतू केंद्रात रांग लावून हे होत नाही. काही केंद्रचालक घाईत स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकून मोकळे होतात. पुढे तीन वर्षे त्या मुलाचा हॉल तिकिटाचा मेसेज केंद्रचालकाच्या फोनवर जातो.

मग ही जोडी शिकायची कशी? आमच्या मते दोन तुकड्यांत. पहिला तुकडा बी.कॉम. किंवा बीबीए. बी.कॉम. जवळच्या महाविद्यालयात नियमित करावी, नाहीतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून). मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रे नागपूर आणि अमरावतीला आहेत, इग्नूचे नागपूरला. बीबीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, कक्षेत आली आहे आणि राज्यात नियमित बीबीएला सीईटी लागू झाली. सीईटी चुकली म्हणून ऑनलाइन बीबीएकडे वळणाऱ्याने एआयसीटीईचेही विचारून घ्यावे. खरे सांगायचे तर या कामासाठी बीबीएपेक्षा बी.कॉम. बरी. त्यात लेखाकर्म आणि अंकेक्षण जास्त येते, आणि पैशाचा गुन्हा वहीतच सापडतो.

दुसरा तुकडा पदवीनंतर. इग्नूच्या विधी विभागाची क्रिमिनल जस्टिसमधली पदव्युत्तर पदविका आहे, किमान एक वर्षाची, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली. म्हणजे तीन अधिक एक, चार वर्षे. विज्ञान शाखेचा मुलगा असेल तर नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था हा वेगळा आणि चांगला रस्ता आहे, पण तिथे रोज हजर राहावे लागते. प्रयोगशाळेचे काम मोबाइलवर होत नाही.

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, उदाहरणार्थ एक वर्गात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन. ज्यांना थांबायचे नाही ते नियमित बी.ए. समाजशास्त्र घेऊन जोडीला दूरस्थ बी.कॉम. करू शकतात. समाजशास्त्रात गुन्हेगारीचा थोडाफार भाग येतो. मात्र पदव्युत्तर पदविकेला पदवी लागते, ती बी.कॉम.च्या सोबत करता येत नाही. एजंट हे सांगत नाही.

आता वकिलीचे. जाहिरातीत ‘कोर्ट’ हा शब्द असतो, म्हणून पालक समजतात की पोरगा वकील होईल. क्रिमिनल जस्टिसची कोणतीही पदवी किंवा पदविका घेऊन वकिलीची सनद मिळत नाही. एलएलबी ऑनलाइन किंवा दूरस्थ होत नाही. वर्गातच करावी लागते, आणि तीन वर्षांच्या एलएलबीला राज्याची सीईटी आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पदवीला खुल्या गटात ४५, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. दूरस्थ पदवी चालते. पण बारावी न करता, मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट पदवीला गेलेल्याला एलएलबीचे दार बंद राहते. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलींची, शिपाई आणि होमगार्ड मंडळींची संख्या मोठी आहे. त्यांनी पुढे वकिली करायचा विचार असेल तर आधी बारावी काढावी, मग पदवी. हा क्रम चुकला की पदवी हातात असूनही पुन्हा मागे यावे लागते. आणखी एक: दोन पदव्यांची सवलत एलएलबीला चालत नाही, तिथे बार कौन्सिलचा नियम वेगळा आहे. एलएलबी चालू असताना जोडीला दुसरी पूर्ण पदवी घेऊ नये.

एवढे सगळे करून शिकायचे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. गावच्या बाजारपेठेत दैनिक बचतीचा एजंट फिरतो, ज्याला आपण पिग्मीवाला म्हणतो. समजा त्याचे ४० दुकानदार आहेत आणि रोजचे १०० रुपये. दिवसाला ४,००० जमा व्हायला हवेत. तो ३,५०० भरतो आणि पाच जणांचे ५०० खिशात घालतो. दुसऱ्या दिवशी त्या पाच जणांच्या नावावर दुसऱ्याच पाच जणांचे पैसे भरतो आणि नव्याने ५०० काढतो. प्रत्येक दुकानदाराच्या पासबुकात रोजची नोंद अगदी बरोबर, एजंटच्या सहीनिशी. संस्थेच्या खतावणीत मात्र नोंदी मागे सरकत जातात. १०० दिवसांनी खड्डा ५०,००० चा होतो, म्हणजे सगळी खाती सरासरी साडेबारा दिवस मागे. बाहेरून काही दिसत नाही, कारण कोणाचे खाते बुडालेले नसते, फक्त उशिराने चाललेले असते.

हा खेळ केव्हा फुटतो? एखादा दुकानदार मुलीच्या लग्नासाठी एकदम रक्कम काढायला आला की. किंवा एजंट आठ दिवस तापाने पडला की. म्हणूनच जो एजंट वर्षात एक दिवस सुटी घेत नाही, त्याच्याबद्दल संचालक मंडळ कौतुकाने बोलते आणि लेखापरीक्षकाने तिथेच कान टवकारायला हवेत. शोधायची रीत सोपी आहे. एकाच दिवशी न सांगता दहा-पंधरा पासबुके मागवायची आणि खतावणीशी नुसती रक्कम न जुळवता तारीख जुळवायची. रक्कम पुढेमागे जुळून येते, तारीख जुळत नाही. बी.कॉम.चा मुलगा इथपर्यंत पोचतो. पुढचे क्रिमिनल जस्टिसचे: एजंटाने केलेला विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (५) मध्ये येतो, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. हिशेबाच्या वह्यांत खोटेपणा केला असेल तर कलम ३४४, सात वर्षांपर्यंत. सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ खाली लेखापरीक्षकावरच कळवण्याची जबाबदारी येते. संस्थेनेच ठेवी बुडवल्या तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा, ज्याखाली मालमत्तेवर टाच येते. ‘पांढरपेशा गुन्हा’ ही कल्पना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये मांडली. पुढे डोनाल्ड क्रेसी यांनी दाखवले की पैसे सांभाळणारा माणूस चोरी करतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र येतात: कोणाला सांगता न येणारी पैशाची नड, हात मारायची संधी, आणि ‘मी फक्त उसने घेतोय’ अशी स्वतःची समजूत. पिग्मीवाल्यात तिन्ही दिसतात. अमेरिकेतून शिकण्यासारखे आहे ते हे. तिथला पोलीस कायदा तिथेच राहू द्यावा.

दुसरी जागा पुराव्याची. व्यापाऱ्याने कापसाचे पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर कबूल केले आणि नंतर नाकारले, तर स्क्रीनशॉटची छापील प्रत घेऊन ठाण्यात जाणारे पुष्कळ. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग: ‘अ’ भाग ज्याच्या ताब्यात फोन आहे त्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते आणि ते कोणत्या पद्धतीने काढले, एसएचए-१, एसएचए-२५६ की एमडी-५, त्यावर खूण करायची असते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा. फाइलचा एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. म्हणून स्क्रीनशॉट कापू नये, त्यावर लाल गोल काढू नये, फोन विकू नये आणि फॉरमॅट करू नये. हे अर्ध्या तासात शिकता येते. चेक न वटल्याचेही तसेच. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. व्यापारी ‘पुढच्या हप्त्यात देतो’ म्हणत राहतो आणि कास्तकाराचे ३० दिवस तिथेच जातात.

अभ्याससाहित्य घेताना ते नव्या कायद्यांवर आहे का, हे बघितलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि जुना पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे आले. झेरॉक्सच्या दुकानांत अजून ‘४२०’ आणि ‘१५४’च्या नोट्स विकल्या जातात. फसवणूक आता न्याय संहितेचे ३१८ (४), चोरी ३०३ (२), खून १०३ (१), एफआयआर नागरिक सुरक्षा संहितेचे १७३. तरी जुनी पुस्तके रद्दीत टाकू नका. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते आणि असे खटले अजून कोर्टात उभे आहेत. दोन रकान्यांत जुने-नवे कलम लिहून भिंतीवर चिकटवावे. पन्नास कलमे झाली तरी पुष्कळ.

आता वेळेचा हिशेब. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. १२० क्रेडिट म्हणजे ३,६०० तास, वर्षाला १,२००. रोजचे सव्वातीन तास झाले. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर वेचणीत गेले तर उरलेल्या दिवसांत सुमारे चार तास पंचवीस मिनिटे. जाहिरातीतला ‘रोज फक्त अर्धा तास’ कोणत्या गणिताने येतो ते त्यांनाच माहीत. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, म्हणजे एक मृगाच्या पेरणीत आणि एक कापसाच्या वेच्यात. मजूर मिळत नाही, घरची बाई-माणसे वावरात, आणि पेपर जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यामुळे पहिल्याच वर्षी सगळे पेपर एका दमात काढायचा हट्ट धरू नये. पदवीला किमान तीन असली तरी कमाल सहा वर्षे मिळतात. ज्याच्या घरी कापूस जास्त त्याने जड पेपर जूनसाठी ठेवावेत, ज्याच्याकडे सोयाबीन-हरभरा त्याला डिसेंबर तुलनेने मोकळा. गृहपाठाला म्हणजे असाइनमेंटला ३० टक्के गुण असतात. तो वेळेत गेला नाही तर पेपर चांगला जाऊनही निकाल अर्धवट दिसतो. हाताने लिहून द्यायचा असेल तर पोचपावती घ्यावी आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या वर्षाची नोंदणी निकालाची वाट न पाहता तारखेत करावी लागते. निकाल लागू द्या, मग भरू, म्हणणाऱ्यांचे सहा महिने वाया जातात.

ऑनलाइन पद्धत घेतली तर डेटाचे गणित आहे. मध्यम प्रतीच्या एका तासाच्या व्हिडिओला साधारण अर्धा जीबी लागतो. दिवसाच्या दीड जीबीत दोन व्याख्याने आणि घरातल्यांचे थोडे रील्स. व्याख्याने पहाटे उतरवून घ्यावीत आणि दिवसा बिनइंटरनेट बघावीत. परीक्षा घरून देखरेखीखाली असेल तर बहुधा कॅमेऱ्याचा लॅपटॉप लागतो, मोबाइल चालतोच असे नाही. खोलीत कोणी डोकावले, मान सारखी बाजूला गेली, आवाज आला, तरी नोंद होते. घर गावठाण फिडरवर आहे की वावरातल्या शेती फिडरवर, हेही आधी बघावे. शेती फिडरला दिवसा मोजकेच तास वीज, आणि पेपर नेमका वीज नसताना. लॅपटॉप पूर्ण चार्ज, वायफायला वेगळी बॅटरी, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार, एवढे असेल तर घरून द्यावी. नसेल तर केंद्रावर जाऊन देता येईल असाच अभ्यासक्रम निवडावा, बसचे भाडे परवडते.

नोकरीबद्दल खरे बोलावे. फौजदारासाठीची एमपीएससी कोणत्याही शाखेच्या पदवीवर देता येते. क्रिमिनल जस्टिस लिहिले म्हणून तिथे जास्तीचा गुण नाही. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, पोलीस पाटलाला दहावी. या शिक्षणाचा उपयोग होतो तो दुसरीकडे: बँका आणि लघुवित्त कंपन्यांची फसवणूक-तपासणी, विम्याच्या दाव्यांची चौकशी, पतसंस्था आणि खरेदी-विक्री संघांचे लेखापरीक्षण. सहकारात जायचे असेल तर पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा पदविका) परीक्षा द्यावी. आमच्या मते कोणत्याही परदेशी डिप्लोमापेक्षा ती इथे जास्त चालते. वणी, चंद्रपूर, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात आणि बुटीबोरीत सुरक्षा एजन्सींचे काम मोठे आहे. त्यांना २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो आणि केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानात प्रशिक्षण द्यावे लागते. हा कायदा, हजेरीपत्रक, भविष्य निर्वाह निधी आणि घटना-नोंदवही हे चारही जमणारा पर्यवेक्षक सहसा सापडत नाही. पगार एकदम मोठा नसतो, पण घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर काम मिळते.

आपल्याला विनंती इतकीच की, पदवीची जाहिरात स्वीकारताना जाहिरात विभागाने चार गोष्टी मागाव्यात आणि त्या छापाव्यात: विद्यापीठाचे पूर्ण नाव, पदवीचे डीईबीच्या यादीतले शब्दशः नाव, पद्धत आणि सत्र. चौकटीत दोन ओळी वाढतील. जून आणि डिसेंबरमध्ये, प्रवेशाची सत्रे उघडण्याच्या तोंडावर, डीईबी आयडी काढण्याची रीत तालुका पुरवणीत पाव पान द्यावी. त्यासाठीचा मजकूर आम्ही विनामोबदला लिहून देऊ, आणि नियम बदलले की बदलूनही देऊ.

कळावे,
आपले,
वाणिज्य व विधी विषय शिकवणारे काही शिक्षक,
वणी-मारेगाव-झरी परिसर, जि. यवतमाळ